पंड्याच्या वहीतले गाव

भाद्रपदातल्या उघडिपीचे कोवळे ऊन अंबरनाथच्या माझ्या खोलीत उतरले, की ओल्या गवताच्या वासात दौतीतल्या शाईचा आंबूस गंध मिसळे. अशाच एका रविवारी उल्हासनगरच्या कॅम्पातून लाजवंतीबाई पत्र लिहून घ्यायला आल्या. फाळणीत सिंधमधून आलेल्या, आदल्या साली विधवा झालेल्या, लष्करी बराकीतल्या अर्ध्या खोलीत मुलासह राहणाऱ्या. पितृपक्ष तोंडावर आला होता. तर्पणाला तीन पिढ्यांची नावे हवीत, आणि मुलाच्या पणजोबांचे नाव आता कुणालाच ठाऊक नव्हते. कागदपत्रे सारी पलीकडे राहिलेली. उरली होती ती हरिद्वारच्या पंड्याची, म्हणजे तिथल्या तीर्थोपाध्यायाची वही, जिच्यात यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाचे कूळ पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेले असते.

"नाम नहीं मिला तो बुजुर्ग प्यासा जाएगा, दादा," त्या म्हणाल्या.

मी कारखान्याच्या कचेरीतला कारकून; अर्ज लिहावा तर आम्हीच, असा माझा तोरा. त्या सांगत होत्या, सासरे सासूबाईंच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेले तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने वहीत सहीऐवजी अंगठा उमटवला. "अहो बाई, नमनाला घडाभर तेल कशाला? नाव, गाव, धंदा, बस्स!" असे म्हणून मी त्यांना चक्क तोडले आणि मोडक्या हिंदीत चार ओळींचे कोरडे पत्र धाडले.

उत्तर आले: या गावची, या नावाची, कापडाच्याच धंद्यातली पुष्कळ घराणी आमच्या वहीत आहेत, काही खूण कळवा.

लाज वाटली, फार वाटली. दुसरे पत्र मी त्यांच्याच बोलण्यातून उतरवले, अंगठ्यासकट, अस्थींसकट. आणि मुद्देसूदपणाच्या नावाखाली माणूस ज्यावरून ओळखू येतो नेमके तेच आपण आजवर गाळत आलो, हे लिहिता लिहिता मला उमगत गेले.

सर्वपित्रीच्या चार दिवस आधी कार्ड आले. अंगठा सापडला होता, आणि त्याच नोंदीत पणजोबांचे नाव होते: टेकचंद. लाजवंतीबाईंनी ते तीनदा वाचायला लावले, आणि तिन्ही वेळा, जणू वडीलधारे दारात उभे असावेत तसा, पदर कपाळावर ओढून घेतला. डोळे मात्र कोरडे होते. कार्डाच्या तळाशी पंड्याने विचारले होते, नव्या पिढीची नोंद करतो, आता राहते गाव कोणते लिहू?

त्यांनी माझ्या हातातल्या कार्डावर बोट ठेवले.

"पुराना काटना मत, दादा. उसके नीचे लिखो," असे म्हणून त्यांनी कॅम्पाचा नंबर सांगितला, मग बराकीचा नंबर सांगताना मात्र त्यांना रडू आवरेना. मी लिहीत राहिलो. या बाईचे गाव केव्हाच सुटले, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. ते त्या दुपारी, माझ्या टाकाखाली सुटत होते.