पेटीमामांचं नाक

पेटीमामा माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या पेटीचा वास घेत. कुणी जुनी हत्यारांची पेटी घेऊन दारात आलं की 'या, बसा' नाही, पाणी नाही. आधी कडी काढायची, झाकण उचलायचं आणि डोकं थेट आत. तिथूनच आवाज यायचा, "सुताराची हाये. अन् गडी बिड्या ओढे." पेटी आणणारा ओशाळा व्हायचा, कारण तो गडी बहुतेक त्याचा बाप असायचा आणि बिड्यांचं घरात कुणी कबूल केलेलं नसायचं.

हे माझे सख्खे मामा. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन कामरगावला परत आले आणि पेन्शनवाली माणसं जे करतात त्यातलं काहीच केलं नाही. भजनात बसले नाहीत, ग्रामपंचायतीच्या भानगडीत पडले नाहीत. पेट्या जमवू लागले. सुतारांच्या सागवानी, इंजिनवाल्यांच्या पत्र्याच्या, सायकल दुरुस्तीवाल्यांच्या तेलकट. काही लोकांनी देऊन टाकलेल्या, काही नुसत्या नीट करायला आणलेल्या. माझं शिलाई मशीन त्यांच्याच पडवीत होतं, त्यामुळे हा सगळा संसार मी जवळून पाहिला. मामींना तक्रार करायला कुणीतरी हवं असायचं, ते कामही माझ्याकडेच होतं.

पेटी नवी करणं हे मामांच्या लेखी पाप होतं. गंज काढायचा तो रॉकेलनं, लाकडाला पाजायचं ते जवसाचं तेल, बिजागरी बदलायची ती अगदीच नाइलाज झाला तर. पत्र्याला पोचा दिसला की विचारत, "हा कायचा?" एकानं सांगितलं, बैलानं लाथ मारली होती. मामांनी हातोडी खाली ठेवली. "मंग राहू द्या. बैल गेला, लात तरी राहू द्या." ज्या पोच्याची कुणालाच आठवण नसायची, तो मात्र ते ठोकून सपाट करत.

आणि कुंकवाला तर ते कधीच हात लावत नसत. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की घरधनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं पेटीच्या झाकणाला आतून उमटवतो. दरवर्षी नवी बोटं, जुन्यांच्या शेजारी. ती पुसायची नाहीत हे कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते सांगावं लागत नाही. वर्षं लोटली की कुंकू आणि गंज सारखेच दिसायला लागतात. पण मामा झाकणाला नाक लावायचे आणि बोटानं हद्द आखून दाखवायचे, इथपर्यंत गंज, इथून पुढे कुंकू.

मग त्यांना तो ताप आला. ताप गेला, खोकला गेला, पण मामा पेटीत डोकं घालून जरा जास्तच वेळ राहायला लागले. रिठदहून आलेल्या एकाला त्यांनी सवयीनं सांगितलं, "गडी बिड्या ओढे." तो म्हणाला, "आमचा आजा माळकरी व्हता. त्यानं बिडीले हात नाई लावला कधी." मामा हसून म्हणाले, "मंग पेटी ज्यानं ठेवली त्यानं ओढल्या असतीन." त्याच सुमारास मामींची बामाची डबी सारखी गायब होऊ लागली. मामांना विचारलं तर ते चिडत, "मी काय बाम खातो काय?"

खरं काय ते मला एका मेलेल्या उंदरानं सांगितलं. पेट्यांच्या मागे तो कुजला होता, पडवीत आम्हाला नाकाला पदर लावल्याशिवाय बसवेना, आणि मामा तिथेच मांडी घालून निवांत पोहे खात होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. "तुह्या मामीले सांगू नको," ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, "अन् लोकांले तं सांगा." त्यावर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. लोकांना कळलं की पेट्या येणं बंद होईल, ही एकच भीती त्यांच्या डोक्यात बसली होती.

अशात किन्हीराजा गावच्या एक काकू आल्या. त्यांचे यजमान गावोगाव सायकलवर फिरून शेतातली डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, ते त्याच वर्षी वारले होते. पत्र्याची पेटी काकूंनी मांडीवर घेऊन जीपमधून आणली होती. तिचा तळ गंजून गेला होता. "तेवढा तळ बसवून द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "खंडेनवमीले न्याले येतो." मामांनी पेटीत डोकं घातलं आणि आतून काहीच बोलले नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

तळ छान बसला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा उरलेला गंज काढत बसले होते. झाकण आतून काळं-तांबडं झालेलं. रॉकेलचा बोळा फिरत होता. मामी चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"कापरा-कुंकवाचा वास कुठून येऊन राह्यला?"

मामांचा हात थांबला. त्यांनी बोळा उजेडात धरला. गंजाचा रंग तसा नसतो. झाकणावर एका कोपऱ्यात दोन बोटं तेवढी उरली होती, बाकी सगळा पत्रा स्वच्छ झाला होता.

मामींना उंदराच्या वेळचं, बामाच्या डब्यांचं, सगळं एकदम उमगलं असणार. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. म्हणाल्या, "तेलात कुंकू कालवून देतो. लावून टाका बोटं. वरून काजळी फासा. तिले काय समजते." वाटी आणून ठेवलीसुद्धा. मामांनी पाची बोटं वाटीत बुडवली. मी मशीन थांबवलं होतं. हात झाकणापाशी गेला आणि तिथेच राहिला. मग ते उठले आणि मोरीत जाऊन हात धूत बसले. कुंकू काही नखांतून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रत्येक जीपच्या हॉर्नला मामा दारात जात होते. दसऱ्याची गर्दी, दर थोड्या वेळानं एक जीप. मामींनी आमच्या हत्यारांची पूजा मांडली, त्यांचं लक्ष नव्हतं. मी एक ब्लाउज दोनदा उसवला. काकू उतरल्या त्या नवं लुगडं नेसून, हातात पूजेचं ताट झाकून आणलेलं. पेटी पाहून आधी हसल्या. मग झाकण उघडलं.

"म्या पुसलं," मामा म्हणाले. "गंज समजून पुसलं. मले वास येत नाई. तापापासून येत नाई, अन् म्या कोनाले सांगतलं नाई."

मामींनी पुढे केलेलं पाणी काकूंनी घेतलं नाही. मग त्यांनी पेटीत डोकं घातलं, अगदी मामा घालायचे तसं, आणि आतूनच बोलू लागल्या. "आयका. तुमाले येत नाई तं मी सांगतो. डिझेलचा येते. तंबाखूचा येते. कोपऱ्यात कापूर हाये, त्याईले कापूर ठेवाची सवय व्हती. अन् तुमच्या रॉकेलचा येते, सगळ्याईच्या वरून." डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. "यापुढं कोनाची पेटी हातात घ्यान, तं पयले हे सांगा त्याले. मंग हात लावा." पेटी उचलून त्या आल्या जीपनं परत गेल्या. ताट तसंच झाकलेलं होतं. मामांची बाजू घ्यावी असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही, इतक्या त्या खऱ्या होत्या.

मामांनी काकूंचा तो शब्द शेवटपर्यंत पाळला. पेटी घेऊन कुणी आलं की दारातच सांगायचे, "मले वास येत नाई. तुमी घ्या अन् मले सांगा." लोक आधी बावरायचे, मग डोकं आत घालायचे. बापाचा वास सांगता सांगता कितीजण पडवीत रडले, ते मी मशीनवरून पाहिलं आहे. पेट्या येणं काही बंद झालं नाही.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. साध्या दुखण्यानं, झोपेत. यंदाच्या खंडेनवमीला मामींनी त्यांची आगारातली स्वतःची पेटी पडवीत आणून ठेवली, जी त्यांनी हयातीत कुणाला उघडू दिली नव्हती. कुणी न बोलावता किन्हीराजाच्या काकूही आल्या. त्यांनी मामींच्या हातचं पाणी घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू सांग व तुह्या मामाले."

मी कडी काढली आणि डोकं आत घातलं. जवसाचं तेल होतं. जुनं ग्रीस होतं. आणि त्या सगळ्याच्या वरून दुसराच एक वास होता, नाकात झोंबणारा. पान्यांच्या खाली बामाच्या डब्या होत्या, बोटानं तळापर्यंत खरवडलेल्या. शेवटची अर्धी भरलेली आणि उघडीच. म्हणजे आशा सोडली नव्हती या माणसानं. वास येतो का, ते रोज नाकाला लावून बघत होता.

"कायचा येते?" बाहेरून मामींनी विचारलं.

"बामाचा," मी म्हटलं.

मामी वाकल्या. ती उघडी डबी त्यांनी हातात घेतली, नाकाशी नेली. "मी इचारलं तं माह्या अंगावर येत व्हता," त्या म्हणाल्या. मग डबीचं झाकण शोधून काढलं, घट्ट लावलं आणि ती जिथे होती तिथेच, पान्यांच्या खाली परत ठेवली.