मामांच्या शेजारी उभे राहिलेले लोक

सरांनी माझा तक्ता टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि त्यावर पेन्सिलचं मागचं टोक टेकवलं. "तुझेच आकडे आहेत," ते म्हणाले. नऊ इथिओपियन तंत्रज्ञ, नऊ ओळी, आणि 'भारतीयांकडून किती दिवसांचं प्रशिक्षण मिळालं?' या रकान्यात नऊ शून्यं.

२००६ चा हिवाळा होता. ॲन आर्बरच्या विद्यापीठात माझ्या पीएचडीचं चौथं वर्ष. विषय होता भारत आणि इथिओपिया यांचं साखर उद्योगातलं सहकार्य. दोन सरकारांत करार झाले होते, दूतावासांनी पत्रकं काढली होती, आपल्याकडची यंत्रं तिकडच्या कारखान्यांत बसत होती. माझं म्हणणं होतं की यंत्रांच्या कितीतरी आधी विद्या गेली आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत येऊन राहिलेली तिकडची माणसं काम शिकून परत गेली आहेत. आणि मीच फोन लावून लावून गोळा केलेली उत्तरं सांगत होती की तसं काही झालेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सुचवलं ते प्रेमानेच. प्रबंधातलं हे प्रकरण काढून टाक, त्याची एक तळटीप कर आणि त्याऐवजी चीनवर लिही. आफ्रिकेत चीन काय करतो हे आज सगळ्यांना वाचायचंय. "भारताला तिथे कोण शोधतंय?"

या वाक्याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. देणारे देश ठरलेले, घेणारे ठरलेले, आणि घेणाऱ्याने घेणाऱ्याला काही दिलं तर ते मोजायची पट्टीच कोणाकडे नाही. मी म्हटलं, "प्रकरण राहील." सर म्हणाले, "मग पुरावा आण. सहा आठवडे देतो." त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता आणि चार वर्षं पाण्यात गेली असती.

नवरा शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरीत होता, शुक्रवारी ड्राइव्ह करून यायचा. फोनवर म्हणाला, "यार, चायना कर ना. डिग्री घे आणि मोकळी हो. नागपूरची तू, आयुष्यात ऊस पाहिलायस का कधी?"

"पाहिलाय. रसवंतीत, चरकाबाहेर उभा."

"बरं. स्नो आहे इकडे. या वीकेंडचं कॅन्सल करू का?"

"ये. पण चायना हा शब्द घरात आणू नकोस."

तिसऱ्या आठवड्यात बसमध्ये चढताना बर्फावरून माझा पाय घसरला आणि फाइल पायरीवर उघडी पडली. ड्रायव्हरने खाली वाकून एक फोटो उचलला. पन्नाशीचा, शांत, वेळेचा काटेकोर माणूस. तो इथिओपियाचा हे मला माहीत होतं, पण हवापाण्यापलीकडे आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. फोटोत साखर कारखान्यातलं एक भलंमोठं बंद भांडं होतं. "हा पॅन आहे," तो म्हणाला. "यात रस उकळून दाणा पाडतात. मी हेच काम करायचो." पुढे व्हिसाच्या लॉटरीत त्याचा नंबर लागला आणि तो इथे आला. त्याच्याही आधी, तरुणपणी, त्याच्या सरकारने त्याला आठ महिने भारतात पाठवलं होतं, कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात.

मला आनंदाने काही सुचेना. मी तिथेच, पायरीवर उभी राहून, माझा प्रश्न विचारला. किती दिवसांचं प्रशिक्षण मिळालं?

"प्रशिक्षण? नाही मिळालं," तो म्हणाला आणि दार बंद केलं. दहावं शून्य.

तरी मी त्या ड्रायव्हरना शुक्रवारी दुपारी चहाला बोलावलं. हार मानायची नाही म्हणून बोलावलं, दुसरं काही कारण नव्हतं. ते आले तेव्हा मी रव्याच्या लाडवांसाठी साखरेचा पाक करत होते. तूप दिसताच त्यांनी हात जोडले. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांच्या धर्मात दूधतूप चालत नाही. "उपास," ते म्हणाले, चक्क मराठीत. त्या दिवशी रजा घेऊन लवकर आलेला नवरा सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात आला.

मी चमच्यातला थेंब चिमटीत धरून तार बघत होते. त्यांनी ते पाहिलं, न विचारता सिंककडे गेले, हात धुतले, पुसले आणि दुसऱ्या चमच्यातला थेंब अंगठा आणि तर्जनीत घेतला. बोटं सावकाश उघडली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"अजून न्हाई," ते म्हणाले. "घाई करू नगंस."

मी विचारलं, हे कोणी शिकवलं?

"मामांनी."

मामा म्हणजे कोल्हापूरच्या त्या कारखान्यातले पॅनमन, पॅनमधला रस बघून दाणा कधी पडेल ते ओळखणारे. पहिला महिना मामांनी त्यांना कशालाही हात लावू दिला नाही, फक्त शेजारी उभं केलं. दुसऱ्या महिन्यात रसातला दाणा बघायची काचेची पट्टी धरायला दिली. न धुतलेला हात पुढे आला की फटका. वर्ग नाही, वही नाही, आणि मामांना इंग्रजी येत नव्हतं.

"मग प्रशिक्षण नाही मिळालं असं का सांगितलंत?"

त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नाही. प्रशिक्षण म्हणजे हॉल, पडदा, जेवणाचा डबा, सर्टिफिकेट आणि शेवटी फोटो. ते त्यांना नंतर एका परदेशी संस्थेने दिलं होतं, तीन दिवस. "मामांजवळ मी कामावर होतो," ते म्हणाले.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. चूक त्यांची नव्हती आणि सरांचीही नव्हती. मामांसारखी माणसं ज्या मातीतली तिथून आलेली मी, आणि प्रश्न मात्र सरांच्या तोंडाने विचारून आले होते. मला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात नवरा म्हणाला, "पाक गेला तुझा." पाक गोळीबंद झाला होता. लाडू दगडासारखे झाले. पाहुण्यांनी तरीही चार लाडू शनिवारसाठी बांधून घेतले.

मी नऊही जणांना पुन्हा फोन लावले. या वेळी विचारलं, "कामाला लागलात तेव्हा कोणाच्या शेजारी उभे होता?" नऊही जणांनी नावं सांगितली. तिघांनी तर याच मामांचं. एकाला त्यांची चुन्याची डबी आठवत होती. एकाने विचारलं, ते आहेत का अजून? मी कारखान्यात चौकशी केली. मामा दोन वर्षांपूर्वी गेले होते.

सहाव्या आठवड्यात मी सरांसमोर दोन तक्ते ठेवले. शून्यांचा तसाच ठेवला होता, शेजारी नवा. सरांनी बराच वेळ वाचलं. "आठवणी म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले.

"नऊ जणांच्या, एकमेकांशी न बोलता सांगितलेल्या. पहिल्या तक्त्यातल्या शून्यांवर तुम्ही विश्वास ठेवलात सर, तीही याच माणसांच्या तोंडची होती."

ते म्हणाले, "माझा आक्षेप नोंदवावा लागेल."

"नोंदवा. मी तो छापते, शब्द न शब्द."

तसा छापलाही. प्रकरण वर राहिलं, अख्खं, आणि तळटीप झाली ती सरांच्या आक्षेपाची. सही करताना ते किंचित हसले, पण मी हसले नाही.

प्रबंधाची पहिली छापील प्रत मी बसमध्ये नेली. ड्रायव्हरनी शेवटचं परिशिष्ट उघडलं. तिथे मी महाराष्ट्रातल्या पॅनमन लोकांची नावं दिली होती आणि प्रत्येक नावाखाली त्यांच्या शेजारी उभे राहिलेल्यांची. मामांच्या खाली चार नावं होती, त्यांतलं शेवटचं त्यांचं स्वतःचं. ते चारही नावं पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मागे कोणीतरी घसा खाकरला.

त्या दिवशी बस चार मिनिटं उशिरा सुटली. कोणी तक्रार केली असती तर मी त्याच्याशीही भांडले असते.