ताईच्या बसण्याजोगी जागा

वर्धा जिल्ह्यात पत्र्याचं छप्पर, पेटती भट्टी आणि एक लाकडी बाक एवढं जिथं जिथं एकत्र आलं, तिथं तिथं आमचे भाऊजी जाऊन, बसून, खाऊन आणि नावं ठेवून आलेले होते, हे मी छातीठोकपणे सांगतो. ताईचे यजमान म्हणून मी पदरचं घालून सांगतोय असं कुणाला वाटलं तर वाटो. जिनिंगच्या यंत्रांना लागणारे चामड्याचे पट्टे विकण्याचा त्यांचा धंदा. पन्नास सालानंतरची ती वर्षं, कापसाचा हंगाम लागला की आज हिंगणघाट, उद्या पुलगाव, परवा अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं आर्वी, अशी त्यांच्या पायाला भिंगरी. लोक म्हणायचे, माणूस धंद्यासाठी किती राबतो! कसला धंदा अन् कसलं काय. कोणत्या जिनातला पट्टा तुटायला आलाय हे त्यांना डोकं खाजवून आठवावं लागे. पण कोणत्या गावात आलूबोंड्याचा पहिला घाणा केव्हा निघतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते बिनचूक सांगत. नागपूरला मात्र ते पाण्याखेरीज काही घेत नसत. "तिथं कोण कुठचा खाते अन् कोण कुठचा रांधते, काही ठिकाणा हाय काय?" असं म्हणून अख्ख्या नागपूरला त्यांनी एका वाक्यात वाळीत टाकलं होतं.

हॉटेल पारखण्याची त्यांची रीत जगावेगळी. गर्दीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "गर्दी तं माकडाच्या खेळालेही जमते, बापू," ते मला म्हणत. ते आधी समोरून नुसते चालत जायचे आणि उष्ट्या बश्यांकडे बघायचे. बशी बोटानं पुसून खाल्लेली दिसली तरच आत पाऊल. आत गेल्यावर आधी चटणी, मग पाणी, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम दोन बश्या. दुकानावर रंगवलेला बोर्ड लागला की ते त्या दुकानाचं सुतक पाळायचे. "आता मालकाचं ध्यान कढईत नाई, बोर्डाकडे राहीन." पण त्यांची सगळ्यात कडक परीक्षा म्हणजे मालक स्वतः काय खातो ही. देवळीला एकदा आम्ही पाटवडी मागवून बसलो होतो, तेवढ्यात मालकाचा घरून डबा आला. भाऊजी ताडकन उठले. मला वाटलं, आता भांडण. पण हे सरळ गल्ल्यापाशी गेले आणि म्हणाले, "भाऊ, तू आपलं इथचं खात नाई, मंग मी कायले खाऊ? काय हाय डब्यात?" डब्यात चण्याच्या भाजीबरोबर ज्वारीची भाकर होती. त्या भल्या माणसानं अर्धी मोडून दिली. देवळीतलं सगळ्यात चांगलं हॉटेल म्हणजे त्या माणसाची बायको, असा निकाल देऊन भाऊजी बाहेर पडले, आणि आमच्या पाटवड्या तशाच राहिल्या.

या सगळ्याचं पुराण रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात लागायचं. मी तेव्हा वर्ध्याला कचेरीत नोकरीला होतो, एकटा होतो, आणि रविवारचं जेवण ताईकडे ठरलेलं. ताई चुलीपुढे, आम्ही दोघं पाटावर. ताईच्या हाताला अशी चव की तिच्या साध्या वरणासाठी मी चार कोस चालून आलो असतो. पण तिच्या हातचं जेवता जेवता भाऊजी वर्णन करणार ते हिंगणघाटच्या वड्याचं. तो कसा फुगतो, मोडला की आतून वाफ कशी येते, शेजारचा गाडीवान तो खाताना डोळे कसे मिटतो. भाऊजींचं वर्णन म्हणजे आपल्या बोटांना तेल लागावं असं. ताई भाकरी थापत ऐकायची आणि शेवटी एकच वाक्य म्हणायची.

"मले एकदा नेऊन तं दाखवा."

"नेतो नं! पण तुह्या बसण्यासारखी जागा भेटू दे."

यात थट्टा नव्हती. ताईला जन्मात एकदा हॉटेलात बसून खायचं होतं, तिची दुसरी हौस मला ठाऊक नाही. दागिना नाही, लुगडं नाही, हॉटेल! आणि त्या काळी आमच्या भागात घरंदाज बाईमाणूस हॉटेलची पायरी चढत नव्हतं. विड्यांचा धूर, बाकावर खेटून बसलेले पुरुष, पचापच थुंकणारे कापसाचे अडते. तिथं बायकोला न्यायचं कसं, या एका काळजीनं भाऊजींना पोखरलं होतं. खाणं झालं की ते मालकाला हळूच विचारायचे, "मागं एखादी खोली हाय काय? आडोशाची?" आर्वीच्या मालकानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "बाईमाणूस कायले येते हाटेलात? बांधून नेजा." मग त्यांनी बांधूनही आणलं. आर्वीचा बोंडा छोट्या गाडीतून आणि मग मोठ्या गाडीतून वर्ध्याला पोचेपर्यंत पार मेलेला. ताईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "बोंडा थंडा अन् तुमच्या गोष्टी गरम." हिंगणघाटचा वडेवाला त्यातल्या त्यात सज्जन. तो म्हणाला, वहिनींना आमच्या घरी आणा, माझी बायको चुलीपाशी पाट मांडून देईल. भाऊजी आनंदानं फुलून आले. ताई म्हणाली, "चुलीपाशीच बसाचं तं आपली चूल काय वाईट हाय?"

मग एका वर्षी वर्ध्याला टेसनाजवळ एका मद्राशानं हॉटेल काढलं. बोर्ड चांगला हातभर, तोही रंगवलेला, पण भाऊजींनी तो पोटात घातला. कारण बोर्डाखाली लिहिलं होतं, 'फॅमिली रूम'. भाऊजी लागोपाठ काही दिवस तिथं जाऊन आले. खोली धुतलेली, हिरवा पडदा, टेबलावर मेणकापड, दोन खिडक्या, त्यांतली एक अंगणाकडे. एवढं सगळं मला तोंडपाठ झालं, तेव्हा मी विचारलं, "अन् चव?"

"चव नाई पाह्यली. नुसती काफी पेलो."

"म्हणजे?"

"पहिला घास तिच्यासंगं घेईन म्हटलं."

जिल्ह्यातली एकही कढई ज्यांनी सोडली नाही, ते हे बोलत होते! मला त्यांचा फार लळा होता, तो त्या दिवशी आणखी वाढला.

नवरा-बायकोनं दोघांनीच हॉटेलात जाणं बरं दिसत नाही म्हणून मलाही बरोबर घेतलं. ताईनं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. दारातल्या पाटीवर खडूनं लिहिलं होतं, 'इडली-सांबार'. इडली काय असते ते तिघांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या शब्दाबद्दल शंकाच नव्हती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. आईच्या दुधाबरोबर शिकलेला शब्द तो. लिहिताना मद्राशी एका अक्षरात चुकला असेल, एवढंच. आत बसल्यावर ताई पोऱ्याला ऐटीत म्हणाली, "मले सांभार जास्त पाह्यजे. ताजा पाहून आणजो."

पोऱ्यानं इडल्या ठेवल्या आणि शेजारी वाटीभर पातळ, लालसर वरण.

"हे वरण कोणाचं? मी सांभार म्हटलं होतं."

"यही सांबार है, अम्मा."

"अरे, मले शिकवतं काय? सांभार हिरवा राह्यते!"

आता भाऊजींना चेव आला. पारखी माणूस, त्यात बायकोपुढे. "सांभार! जुडी! पानं!" असं म्हणून ते हवेत पानं खुडून दाखवू लागले. मालक धावत आला. तो बिचारा वाटीत चमचा घालून "सांबार, सांबार" करतोय आणि हे दोघं "नाई नाई" करताहेत! शेवटी त्यानं हात जोडले, आत गेला आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर आणून सगळ्यांच्या वाट्यांवर पसरली. "हे पाहा, होती नं!" ताई म्हणाली. तिनं इडली बुडवून घास घेतला. भाऊजींनी तिच्याकडे बघत आपला घेतला. ती शांतपणे म्हणाली, "वरणात चिंच जास्त झाली." आणि वाटी रिकामी करून दुसरी मागवली.

दुसरी वाटी येईपर्यंत ती भिंतीकडे बघत बसली, मग पडद्याकडे. बाहेर बश्या वाजत होत्या, कुणीतरी खो खो हसत होतं. ताई उठली आणि तिनं पडदा सर्रकन बाजूला सारला.

"अवं, काय करतं? लोकं पाह्यतीन!" भाऊजी घाबरले.

"पाहू द्या नं. मीही त्यायलेच पाह्याले आली. चार भिंतीत बसून तं मी रोजच खातो."

आणि नुकतीच आलेली दुसरी वाटी घेऊन ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हॉटेल चिडीचूप झालं. एका अडत्याचा कप तोंडापाशीच राहिला. भाऊजी कपाळावरचा घाम पुसत उभे होते. मग तेही गेले आणि तिच्या शेजारी बसले. हळूहळू बश्या पुन्हा वाजू लागल्या. ताई एकेकाकडे बघत होती. हा फुंकर मारून पितो, त्याला गाडी पकडायचीय, तो म्हातारा मिठाई कागदात बांधून घेतोय. जत्रेला गेलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

घरी परतताना भाऊजी म्हणाले, "आडोसा नोको होता, तं पहिलेच काऊन नाई सांगतलं? इतकी वर्सं मी खोलीच पाहून राह्यलो."

"तुमी इतक्या हौसेनं पाहून राह्यले होते," ताई म्हणाली, "मी कसं म्हणू?"

त्यानंतर ती दोघं जाऊ लागली. हिंगणघाटला बाकावर, आर्वीला भट्टीसमोर, लोक बघायचे ते बघायचे. रविवारचं पुराण मात्र बंद पडलं. जिला सांगायचं ती बरोबरच असायची, मग भाऊजींनी सांगायचं कुणाला? मी मुकाट्यानं जेवायचो आणि मनातल्या मनात हळहळायचो.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आता रविवारी हॉटेलांच्या गोष्टी ताई सांगते आणि खरं सांगू, त्यांच्याहून चांगल्या सांगते. कारण तिच्या गोष्टीत वडा कमी आणि माणसं जास्त. तो वडा गाडीवानानं खाल्ला की हमालानं, एवढ्यावर ती अडते, "काऊन हो?" म्हणून भाऊजींच्या रिकाम्या पाटाकडे वळते, आणि मग माझ्या ताटात आणखी वरण वाढते.