नळदुर्गात वाजलेले चार सॅक्सोफोन

बावीस वर्षं मी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. मग एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो तोंडाच्या डाव्या बाजूनं शर्टावर सांडला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेकांचं बरं होतं. माझं अर्धंच बरं झालं. जेवता येतं, बोलता येतं, पण डावा ओठ बधिरच राहिला. त्यावर बोट ठेवलं तर दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला हात लावल्यासारखं वाटतं. सॅक्सोफोनला ओठांची घट्ट पकड लागते. एका बाजूनं हवा सुटली की सूर उभाच राहत नाही. डाव्या डोळ्यातून मात्र कधीही आपोआप पाणी येतं.

वाद्य बँडमालकाचं होतं, ते मी परत केलं. हायवेवर मेव्हण्याचं टायरचं दुकान आहे, तिथं बसू लागलो. लोक हळहळायचे. मी मान हलवायचो. खरं तर मला दुःखही होत नव्हतं. दिवसभर ट्रक येत, चाकं उतरत, चाकं चढत, आणि मी ते बघत असे.

दोन वर्षं अशी गेली. मग गावातल्या कॉलेजचे संगीताचे सर दुकानावर आले. पूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगला ते मला बोलवत. चार परदेशी वादक हैदराबादहून पुण्याला निघाले होते, आणि वाटेत एक दुपार आपल्या हॉलमध्ये वाजवणार होते. चौघंही सॅक्सोफोनच वाजवतात, जॅझ म्हणतात त्या संगीताला, असं सरांनी समजावलं. मी बघतो म्हणालो. जायचं माझ्या मनात नव्हतं. घरी सहज सांगितलं तर बायको म्हणाली, "जाऊ या. मी बी येते." (घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितोय.)

तिचं हे म्हणणं मला नवीन होतं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण तिनं मला वाजवताना धड ऐकलं नव्हतं. वराती परगावच्या असायच्या, आणि रियाजाला मी गल्ली सोडून बोरी नदीकडं जायचो.

हॉल निम्मा भरला होता. पोरंपोरी, बँकेतली काही माणसं, पुढच्या रांगेत प्राचार्य. आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो. चौघं आले, वाकले आणि थेट सुरू झाले. ढोल नाही, ताशा नाही, पेटीसुद्धा नाही. एकाकडं सनईसारखा सरळ सॅक्सोफोन होता. एकाकडं मी वाजवायचो तसला. तिसरा त्याहून मोठा. चौथा तर पोराला कडेवर घ्यावं तसा धरावा लागणारा, आणि ठेका तोच धरत होता. एकजण मधेच सगळ्यांना सोडून एकटा निघायचा, लांब भटकून यायचा, बाकीचे तिघं त्याची वाट धरून ठेवायचे. पोरं चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत होती. वादकांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मला सगळं कळत होतं. कोण कुठं श्वास घेतोय, कुणाच्या तोंडाकडची वेताची पत्ती जुनी झालीय, हेही कळत होतं. पण आत काही पोचत नव्हतं. हेवा वाटेल, रडू येईल, अशी तयारी करून मी गेलो होतो. काचेपलीकडं पाऊस दिसावा तसं ते चाललं होतं. मधेच डावा डोळा पाझरू लागला. संगीताच्या सरांनी ते पाहिलं आणि हळूच पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. मी दोन घोट प्यालो.

रडत होती ती बायको. आवाज न करता, ओढणी तोंडाशी धरून. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तुम्ही बी असंच वाजवायचात?"

"न्हाय," मी म्हणालो. "आमचं येगळं होतं."

कार्यक्रम संपल्यावर सरांनी मला पुढं नेलं आणि माझ्याबद्दल इंग्रजीत सांगितलं. चौघांपैकी मी वाजवायचो तसला सॅक्सोफोन वाजवणारा माणूस माझ्याच वयाचा होता. त्यानं तो माझ्यापुढं धरला. मी माझा ओठ दाखवला, फुंकर मारून हवा कशी सुटते तेही दाखवलं. मग त्यानं माझ्या हातांकडं बोट केलं आणि सरांना काहीतरी विचारलं.

सर म्हणाले, "बोटं चांगली आहेत का, विचारतायत."

बोटांना काय झालंय, मी म्हणालो.

मग त्यानं वाद्य आपल्याच गळ्यात ठेवलं, तोंडाला लावलं आणि मला मागं उभं राहायला खुणावलं. त्याच्या बगलेखालून मी दोन्ही हात पुढं काढले आणि चाव्यांवर बोटं ठेवली. त्यानं हवा भरली. बोटांनी आपोआप मुलगी सासरी निघतानाची धून धरली. प्रत्येक बोटाबरोबर तो सूर तोडत होता, आम्ही तर सूर ओढून घेतो. मी मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्या वेळी त्यानं बरोबर ओढला. त्याची पाठ माझ्या छातीला लागून फुगत होती. बोटं बरोबर पडत होती. मला तेवढंच जाणवलं. आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. संपल्यावर त्यानं माझा हात बराच वेळ हातात धरला.

परतताना रिक्षात बायकोनं विचारलं, ती धून कसली. मी सांगितलं.

"आपल्या लग्नात वाजवली होती?"

"व्हय. माझ्याच बँडपार्टीतल्या लोकांनी."

"मला आठवत न्हाय. मी रडत होते."

मला आठवत होतं. क्लॅरिनेटवाला एका जागी चुकला होता, आणि नवरदेवाच्या कपड्यात बसल्या बसल्या मला त्याचा राग आला होता. कुठं चुकला, असं तिनं विचारलं. मी ती ओळ गुणगुणून दाखवली, आधी बरोबर, मग त्याच्यासारखी चुकीची. गुणगुणायला ओठांची पकड लागत नाही. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिला फरक कळला नाही. ती म्हणाली, परत एकदा म्हणा. मी परत म्हटली. रिक्षा हायवे ओलांडायला थांबली होती आणि समोरून ट्रकांची रांग संपत नव्हती.