एकट्या मादीची पिल्लं

काळ्या मोलीला पिल्लं झाली त्या सकाळी मला आनंद झाला नाही. मी आधी दाराची कडी पाहिली, मग खिडकी, आणि मग खिडकीत आरसा टेकवून दाढी करत बसलेल्या माझ्या मित्राकडं पाहिलं.

मोली म्हणजे बोटाएवढा मासा. अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देतो. हैदराबादहून येताना मी पिशवीभर पाण्यात दोन नर आणि तीन माद्या आणल्या होत्या. परभणीत तेव्हा घरात मासे पाळणारा माणूस विरळाच. लोखंडी चौकट करून घेतली, फोटोला फ्रेम करणाऱ्याकडून काचा कापून आणल्या, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी घेऊन सांधे भरले आणि पेटी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली.

नर मादीला स्वस्थ बसू देत नाही हे मला ठाऊक नव्हतं. दिवसभर मागं लागतो, पोटाशी ढुशा देतो, दाण्याला तोंड लावू देत नाही. तीनपैकी एक मादी अशीच पळून पळून थकली, फाटक्या शेपटीनं कोपऱ्यात दबून राहिली आणि मेली. तेव्हा मी पेटीच्या मधोमध एक काच बसवली. नर अलीकडं, माद्या पलीकडं. वरून झाकणाची काच.

मित्राला हे फार गमतीचं वाटायचं.

"काय रे, सासऱ्यावानी मधी बसलायस? बिचारा काचंला नाक लावून बघायलाय तिच्याकडं."

"तिला मारील तो."

"मारत न्हाई लेका, नांदायला ये म्हनतोय. एखाद्या दिशी मीच सोडतो नवरदेवाला तिकडं."

हे तो हसत म्हणायचा. मी ते लक्षात ठेवलं.

आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत कारकून. मी वालूरचा, लिंगायत घरातला. खोलीचे मालक आप्पा आमच्याच समाजाचे. मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि माझ्या चुलत्यांची त्यांची जुनी ओळख. मित्र चारठाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध. परभणीत त्यानं खोलीसाठी किती दारं पाहिली ते मी सोबत फिरून पाहिलं होतं. आडनाव सांगितलं की जागा कालच दिलेली निघायची. शेवटी मीच त्याला माझ्या खोलीवर आणलं आणि आप्पांना सांगितलं, "माझे सोबती आहेत, चारठाण्याकडचे." आप्पांनी त्याचा अर्थ त्यांच्या सोयीनं घेतला. मी तो बदलला नाही.

त्याला खात्याची परीक्षा द्यायची होती. ती पास झाला की वरची जागा मिळणार होती. गावाकडं दिवा नव्हता, शहरातल्या नातेवाइकांकडं पाय ठेवायला जागा नव्हती. "ही खोली हाय तवर परीक्षा हाय," असं तो स्वतःच म्हणायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला काळ होता तो. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीवर दगड. कचेरीत एकत्र डबा खाणारी माणसं हळूहळू वेगवेगळ्या टेबलांवर गेली. कुणी भांडलं नाही, फक्त खुर्च्या सरकल्या. एकदा एक वयस्कर सहकारी मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमी लय भोळे हाव. खोलीवर कोन येतंय, कोन बसतंय, जरा बघत जावा." मी हसून टाकलं. पण त्याच संध्याकाळी खोलीत शिरताना मी मोरीतले कप मोजले.

एकदा बघायला लागलं की दिसतंच. चटई नेहमीपेक्षा भिंतीकडं सरकलेली. उदबत्तीचा वास. खोलीत कुणी विडी ओढली आणि तिचा वास घालवायला ती लावली असेल का? मासे धरायची गाळणी खिळ्यावर असायची, ती ओली होऊन टेबलावर पडलेली. प्रत्येक गोष्टीला साधं कारण असू शकत होतं, आणि मी ते विचारत नव्हतो. विचारलं असतं तर कारण मिळालं असतं, आणि मला ते नको होतं की काय, असं आता वाटतं.

अशात ती पिल्लं झाली. नर लागला की मोलीला महिन्याभरात पिल्लं होतात, असं दुकानदारानं सांगितलेलं. काच बसवून त्याहून कितीतरी जास्त दिवस झाले होते. म्हणजे नर पलीकडं गेला होता. आपोआप जाणं शक्य नव्हतं. कुणीतरी झाकण उचललं होतं, गाळणीनं नर धरला होता, तिकडं सोडला होता आणि पुन्हा जागेवर आणला होता.

"नर हलवलास का रे तू?" मी विचारलं.

"न्हाई बा." गालावरचा फेस तसाच ठेवून तो पेटीपाशी आला. "आयला, किती बारीक हायेत! डोळेच डोळे."

"मग आली कुठून?"

"देवानं दिली. पेढे आन."

तो खरंच खूश झाला होता. पिल्लांना दुसरी मादी खाईल म्हणून त्यानंच त्यांना काचेच्या बरणीत काढलं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला. मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, किती सराईत हात आहे याचा.

त्यानंतर मी झाकणाच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण केली. कुणी झाकण हलवलं तर ती जुळणार नव्हती. शनिवारी वालूरला गेलो, सोमवारी सकाळी परत आलो. खूण जुळत नव्हती.

"झाकण कुणी उचललं?"

"मीच. दाणे टाकायचे न्हाईत का? उपाशी मारायचे व्हते?"

खरं होतं. दोन दिवस मासे कुणी सांभाळले असते? तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडून पुढचं वाक्य आलं, जणू किती दिवसांपासून ते तयार होतं.

"आणि कोण कोण होतं खोलीवर?"

हातातला टॉवेल त्यानं नीट घडी करून खुर्चीवर टाकला.

"हे मासे विचारायलेत, का तू विचारायलास?"

"मी सरळ विचारतोय."

"सरळ न्हाई. सरळ विचार की. तुमचे लोक येतात का, असं विचार."

मी तसं विचारलं नाही. नाहीसुद्धा म्हणालो नाही. मी म्हणालो, "किल्ली माझ्याकडं राहू दे. मी असताना येत जा."

त्यानं जानव्यागत गळ्यात अडकवलेली सुतळीतली किल्ली काढली आणि पेटीच्या झाकणावर ठेवली. त्या दिवशी तो कचेरीत आला नाही, आणि संध्याकाळी मी परतलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, त्याची वळकटी, ट्रंक आणि पुस्तकं गेली होती. पिल्लांची बरणी भरलेली होती, पाणी ताजं होतं.

आप्पांना मी सांगितलं, "जमलं नाही." ते म्हणाले, "बरं झालं. आमच्या कानावर आलतं काय काय. आमी तुमाला इचारणारच व्हतो." मी मान डोलावली.

त्या हिवाळ्यात बरणीतली पिल्लं आणि पेटीतले दोन्ही नर थंडीनं मेले. पेटीत फक्त माद्या राहिल्या. खोलीच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. आणि तीच काळी मोली पुन्हा फुगली, आणि पुन्हा तिला पिल्लं झाली.

हे लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी माझा पहिला संशय आप्पांवर गेला. त्यांच्याकडं तिसरी किल्ली असेल, असं वाटलं. मग डोक्यात आलं की पेटीत सोडायला नरच उरलेला नाही.

पुढं हैदराबादला गेलो तेव्हा मासेवाल्याला विचारलं. तो हसला. "एक दफा नर मिल गया तो बस, साब. मादी के पेट में रैता वो. फिर अकेली बच्चे देती जाती. आप काच लगाए बाद में, काम तो पैलेच हो गया." म्हणजे नराचं बीज मादीच्या पोटात साठून राहतं, आणि मी काच बसवली त्याआधीच सगळं होऊन गेलेलं होतं. नर हलवायला कुणी झाकण उचललं नव्हतं, गाळणी वापरली नव्हती, आणि खोलीवर कुणाला आणल्याचा माझा पुरावाही उरला नव्हता.

मित्र रेल्वे रुळांच्या पलीकडं नातेवाइकांकडं राहत होता. मी गेलो तेव्हा अंगणात बाजेवर बसून तो वाचत होता. बाजूला बायका भांडी घासत होत्या, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. परीक्षेत तो नापास झाला होता, ते मला कचेरीत कळलं होतं. मी सगळं सांगितलं, मोलीचं, नरांचं, मासेवाल्याचं. माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं.

"माशाचं खरं निघालं म्हनून आलास?" तो म्हणाला. "आन तुझा संशय खोटा निघाला नसता तर?"

त्यानं पुस्तक मिटून बाजेवर ठेवलं.

"खोली रिकामी हाय का?"

"आहे. तू परत चल. पुढच्या परीक्षेला वेळ आहे अजून."

"येतो की. एक काम कर. आप्पांना जाऊन माझी जात सांग. हो म्हनाले तर उद्याच्याला येतो. लपून आता न्हाई ऱ्हायचं मला."

हे तो शांतपणे म्हणाला. मला ते न्याय्य वाटलं, सोपंही वाटलं. रूळ ओलांडून येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो.

आप्पा ओट्यावर बसून तुरीचा नमुना तळहातावर घेऊन पाहत होते. "कुटं गेलता?" त्यांनी विचारलं.

"स्टेशनकडं."

"या, च्या घ्या."

मी चहा घेतला. आप्पा तुरीच्या भावाबद्दल बोलले, माझ्या चुलत्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. नंतर म्हणाले, "दुसरा सोबती बघा आता. आपल्यातलाच बघा." मी कप पालथा घातला, बरं म्हणालो आणि वर गेलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तो माझ्याआधी आला होता. मी खुर्ची ओढली तेव्हा त्यानं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि समोरच्या फायलीत मान घातली.