मामंजींचा तबला आणि रुग्णवाहिकेचा अल्टरनेटर

माझे सासरे ट्रेझरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच चैन केली. आमच्या जुन्या जीपमध्ये दणदणीत साउंड सिस्टीम बसवली. मागची सीट काढून तिथं दोन थोरले स्पीकर आले. ते घरात का नाहीत, हे विचारायची गरज नव्हती, घरात सासूबाई होत्या.

मामंजींना ऐकायचा होता फक्त तबला, आणि तोही स्वतःचा. तरुणपणी ते रीतसर शिकले होते, पण मैफल काही मिळाली नाही. मग घरीच वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. गाडी त्यांना चालवता येत नसल्यानं ड्रायव्हर मी.

पहिल्याच संध्याकाळी छावणीच्या रस्त्यावर घोटाळा झाला. डग्ग्यावर थाप पडली की गाडीचे दिवे मिणमिणायचे, पुन्हा लागायचे. समोरून येणारा रिक्षावाला थांबला आणि खिडकीतून ओरडला, "मॅडम, किती डिपर मारताय? सरकतो ना बाजूला!"

"तीनताल आहे हो," मामंजी त्याला म्हणाले.

छावणीतल्या इलेक्ट्रिशियननं आधी मोठी बॅटरी टाकली. दोन दिवस सगळं झकास, तिसऱ्या दिवशी गाडी भाजी बाजारात बंद. मग त्यानं डोकं खाजवत बॉनेट उघडलं. "चाचा, बॅटरी लई मोठी टाकली, पर तिला भरणारा अल्टरनेटर हाय बारका. तुमचा तबला खातो जास्त, ये बिचारा कमाता कम."

"मग कमावता माणूस बघा," मामंजी म्हणाले.

त्यानं भंगारातून एका रुग्णवाहिकेचा अल्टरनेटर आणला. तो एवढा मोठा होता की काच धुवायच्या पाण्याची टाकी तिथून काढून माझ्या पायाशी ठेवावी लागली. सासूबाईंना हे प्रकरण मुळीच पटलं नाही. "कोणाकोणाला नेलं असेल त्या गाडीनं!" म्हणत त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, वर लिंबू-मिरची टांगली. ती पहिल्याच दिवशी पट्ट्यात अडकली आणि गाडीत मिरचीचा ठसका उठला.

पण दिवे आता स्थिर लागत होते. फक्त स्पीकरमधून एक बारीक कुईऽऽ असा आवाज येऊ लागला. वेग वाढवला की आवाज चढायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अर्थिंग ढिली हाय, दहा मिनटात काढतो."

"हात लावू नका!" मामंजींनी त्याचा हात धरला. "हा तंबोरा आहे."

त्या दिवसापासून माझं ड्रायव्हिंग सुरात सुरू झालं. "सूनबाई, पट्टी चढली, जरा पाय काढा." "उतरली, उतरली, रेस द्या." मागून ट्रक हॉर्न मारायचा आणि मी काळी चारचा सूर सांभाळत बसायची.

त्याच हिवाळ्यात गंगापूरला मामंजींच्या पुतण्याचं लग्न होतं. वरात निघाली, मागं जीपमध्ये आम्ही तिघं, आणि अर्ध्या रस्त्यात डीजेच्या गाडीचा जनरेटर धूर सोडून थंड झाला. नाचणारी मंडळी हात वर करून तशीच उभी राहिली. घोडीवरून नवरदेव म्हणाला, "काका, तुमची गाडी हाय ना? लावा की कायतरी!"

मामंजींनी सदरा नीट केला. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "मामंजी, वरात आहे. तबल्यावर कोण नाचणार?"

"उपजत ज्ञान असेल तर नाचतील," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

विलंबित लयीत पेशकार, म्हणजे तबल्याची संथ सुरुवात, सुरू झाला. मंडळी एकमेकांकडं बघू लागली. एका जाड्या पाहुण्यानं खांदे उडवून पाहिले, त्याचा तोल गेला. मामंजी खिडकीतून अर्धे बाहेर आले. "घाई नाही करायची! समेवर या, समेवर!" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, हे तिथं कोणाला ठाऊक? पण घोडी होती वरातीत मुरलेली. तिनं कान टवकारले आणि बरोबर समेवर पुढचा पाय आपटला.

"वा!" मामंजी ओरडले. "बघा, घोडीला कळतंय!"

मग सगळी वरात घोडीच्या पायाकडं बघून नाचू लागली. लय वाढली. रेल्याच्या वेगवान बोलांवर तर फेटे सुटले, कुणाची चप्पल गटारात गेली. आणि ऐन रंगात स्पीकरमधून सगळ्या गल्लीला हादरवत सासूबाईंचा आवाज आला, "अहोऽऽ, दूध उतू गेलं! बडवणं थांबवा आधी!"

मोबाइलनं तबल्याबरोबर घरातलं ओरडणंही रेकॉर्ड केलं होतं. सासूबाई माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी पदर तोंडावर ओढला. मग तो जाडा पाहुणा किंचाळला, "वन्स मोर!" पोरापोरींनी "दूध उतू गेलं!" ओरडत फेर धरला. मंडपापाशी पोचेपर्यंत मला ते पाच-सहा वेळा मागं नेऊन लावावं लागलं. उतरल्यावर बायकांनी आम्हाला घेरलं. "कोणाचा हो तो आवाज?" सासूबाईंनी पदर सारखा केला आणि तोऱ्यात म्हणाल्या, "माझा."

परतीच्या वाटेवर मामंजींनी काहीच लावलं नाही. मला वाटलं, मैफल बिघडली म्हणून दुखावले असतील. पण ते म्हणाले, "सूनबाई, रेल्यात डावा हात मागं पडतो माझा. आज मोठ्यानं ऐकलं तेव्हा कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तबला-डग्गा कापडात बांधला आणि मला गाडी बाहेर काढायला लावली. रियाजासाठी डग्ग्यावर नवी पुडी, म्हणजे कातडं, बसवून घ्यायची होती.