पहिला मग दळवीचा

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. माझ्याच बॅचचा नाईक दळवीही तिथेच. मी डोंबिवलीच्या मानपाड्याचा, तो टिटवाळ्याचा. ट्रेनिंगपासून शाबासकी आधी त्याला, बढती आधी त्याला. मला ते सलायचं.

पोस्टवर एक रिवाज होता. ज्याच्यामुळे दिवस निभावला, त्याला संध्याकाळच्या चहाचा पहिला मग. सुभेदार साहेब स्वतः हातात द्यायचे. मला तो कधी मिळाला नव्हता.

फोन चार्ज करायला आम्ही वर्गणी काढून पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं होतं. हँडलवाली बॅटरीची पेटी. तिची दोन सोलर पॅनल सुट्टीवर आलो तेव्हा मीच ठाण्याच्या नौपाड्यातून नेली. दुकानदाराशी अर्धी दुपार भांडून पॅरलल जोडणीची वाय केबल फुकट काढली.

एका सकाळी जनरेटर गोठला. गस्तीची तुकडी दरीत होती, हवा बिघडत होती. रेडिओच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या, पेटीही रिकामी. पॅनल उन्हाळ्यापासून सिरीजमध्ये जोडलेली.

"लाव की, मुहूर्त बघतोस काय?" दळवी म्हणाला.

"मीटर दे आधी."

सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते. पेटीला पन्नास व्होल्टपर्यंत चालत होतं. पॅनलमागच्या आकड्यांची बेरीज सेहेचाळीस. पण ती साध्या हवेतली. थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं. मीटरने बावन्न दाखवले. तसंच जोडलं असतं तर पेटी जळाली असती आणि पोस्ट मुकी झाली असती.

हातमोजे काढून मी वाय केबल लावली. आता व्होल्टेज एकाच पॅनलचं. बेरीज करंटची, तीही पेटीच्या मर्यादेत. पेटी भरू लागली. तिच्यावर रेडिओचा चार्जर लावला. मी बाहेर पॅनलवरचा बर्फ झाडत उभा, दळवी आत सेटवर.

"चार्ली, टायगर बोलतोय. नाल्याने येऊ नका. कड्याच्या बाजूने या. ओव्हर."

"टायगर, चार्ली. समजलं. कड्याने येतो. ओव्हर."

सगळे परत आले. संध्याकाळी पहिला मग दळवीला. सगळ्यांनी आवाज त्याचा ऐकला होता.

त्याने तो माझ्यापुढे धरला. "घे रे मानपाडा. केबल तुझी, चहा पण तुझा."

"उष्टा मान नको मला. ठेव तुझ्याकडे."

"माझ्याशी पण भाव करतोस?" तो हसला आणि प्यायला.

पुढच्या गस्तीत दळवी होता. त्यांच्यावर हिमकडा कोसळला. सेटवर मी होतो. पेटी पूर्ण भरलेली, रेडिओ ठणठणीत. हाक मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

आता मानपाड्यात माझं सोलरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, दोन पॅनल जोडली की झालं. मी आवाज चढवतो, "आधी पेटीवरची मर्यादा वाचा!" भावात मी कुणाला सोडत नाही.

टिटवाळ्यात एका चौकाला दळवीचं नाव दिलंय. खरं सांगतो, तेही खुपतं. दुपारचा चहा आला की पहिला कप मी मीटरशेजारी ठेवतो.

"गार झाला हो," बायको म्हणते.

"माझा नाही तो."

इथेही पहिला त्याचाच. पण नाईक दळवीने तो मग आज पुन्हा पुढे केला, तर भाव न करता घेईन.